रस्त्यावरची पाचवी आज्ञा



दहा आज्ञांची उजळणी करताना एका आज्ञेपाशी आपण फारसे थांबत नाही. ती आज्ञा पाचवी : खून करू नकोस. चौथ्या आज्ञेपाशी आईवडिलांशी उद्धट बोलल्याचे आठवते, सातव्या-आठव्या आज्ञेपाशी लहानसहान लबाड्या आठवतात. पाचवी आली की मन म्हणते, "ही काही आपल्यासाठी नाही, आपण कोणाला मारलेले नाही." आणि आपण पुढे जातो.

या लेखात आपण त्या आज्ञेपाशी थोडे थांबणार आहोत. निमित्त आहे आपल्या रोजच्या वाहन चालवण्याचे. विषय पोलिसांचा वाटेल, आरटीओचा वाटेल. पण तो आधी आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा आहे.

शहरे वेगळी, खोडी तीच

प्रत्येक शहराला दुसऱ्या शहराच्या वाहनचालकांना नावे ठेवण्यात आनंद वाटतो. मुंबईकर म्हणतो, पुण्यात गाडी चालवणे म्हणजे जिवावरचे काम. पुणेकर म्हणतो, मुंबईत माणसे हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला येतात. दोघे मिळून दिल्लीला नावे ठेवतात. गोव्याचे लोक म्हणतात, आमचे रस्ते बरे होते, पर्यटक आले आणि बिघडले. थट्टा सोडली तर प्रत्येक ठिकाणची खोड खरीच आहे.

मुंबईत सिग्नल लाल असतानाही मागचे वाहन हॉर्न वाजवत राहते, जणू त्या आवाजाने दिवा हिरवा होणार आहे. २०२० साली मुंबई पोलिसांनी या खोडीवर एक मजेशीर प्रयोग केला. काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रे सिग्नलला जोडली. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. जितका हॉर्न, तितके थांबणे!

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज तेथे दुचाकींचे राज्य आहे. वळसा नको म्हणून उलट दिशेने येणे, झेब्रा पट्ट्यांवर चाक टेकवून उभे राहणे, गर्दी झाली की सरळ पदपथावर चढणे, या गोष्टींची कोणाला लाज वाटत नाही. हेल्मेटसक्तीला तर तेथे अनेक वर्षे जाहीर विरोध होत आला. दिल्लीत गाडीला गाडी घासली की भांडण गाडीवर राहत नाही, "जानता नहीं मैं कौन हूँ" येथपर्यंत पोहोचते. गोव्यात सुट्टीच्या दिवसांत भाड्याच्या दुचाकीवर अनोळखी रस्त्याने, पोटात दारू असताना, हेल्मेट आरशाला अडकवून निघालेले तरुण दिसतात.

आणि आपली वसई? आपल्या वाड्यांतले रस्ते बैलगाडीच्या रुंदीचे. त्याच रस्त्यांवरून आता रिक्षा, पाण्याचे टँकर, शाळेच्या बसगाड्या आणि प्रत्येक घरच्या दोन-दोन गाड्या धावतात. समोरून वाहन आले की मागे कोणी घ्यायचे, यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. एका दुचाकीवर तिघे, कधी आईवडील आणि दोन मुले मिळून चौघे बसतात. रविवारी मिस्सासाठी येताना आपण शेजाऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावतो. मिस्साच्या शेवटी धर्मगुरू शांतीने जाण्यास सांगतात, आणि पाच मिनिटांनी चर्चच्या फाटकावर जे हॉर्न सुरू होतात त्यांत शांती शोधावी लागते.

एक गोष्ट मात्र विचार करायला लावते. आपल्यातील अनेक जण आखाती देशांत नोकरीला आहेत. तोच माणूस दुबईला आपली लेन सोडत नाही, पट्ट्याच्या मागे थांबतो, पादचाऱ्याला आधी जाऊ देतो. सुट्टीवर घरी आला की आठ दिवसांत उलट दिशेने गाडी घालतो. तेव्हा "आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही" हे म्हणणे खोटे आहे. शिस्त येते, पण ती तेथे कॅमेऱ्याच्या आणि दंडाच्या भीतीने येते. भीती संपली की शिस्त संपते. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या मागून संत थॉमस अक्विनास यांनी शिकवले, की सद्गुण म्हणजे चांगले करण्याची मनात मुरलेली सवय. कॅमेरा नसतानाही जो थांबतो त्याच्यात तो सद्गुण आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे दर तासाला १९ मृत्यू. आपण रविवारी एक तास मिस्सात असतो, तेवढ्या वेळात देशात कोठे ना कोठे १९ घरांत रडारड सुरू झालेली असते. मृतांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली आहे. ३२,८२५ जण पायी चालणारे होते. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सारे जग धरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे रस्त्यावर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात, आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे.

कोणी म्हणेल, "फादर, रस्त्यांवर खड्डे किती आहेत ते पाहा! दिवे नाहीत, पदपथ नाहीत, आणि दोष मात्र चालकाला?" हे म्हणणे न्याय्य आहे. खराब रस्ता बांधणारा आणि त्याचे देयक मंजूर करणारा दोघेही पाचव्या आज्ञेखाली येतात, आणि त्यांना जाब विचारणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे. परंतु खड्डा आहे हे माहीत असताना वेग वाढवणे हे खड्ड्याचे पाप नव्हे. रस्ता जितका वाईट, तितकी चालकाची जबाबदारी अधिक.

'अपघात' या शब्दाआड

अपघात हा शब्द आपल्याला फार सोयीचा पडतो. 'झाला' असे आपण म्हणतो. 'केला' असे म्हणत नाही. वीज पडावी तसा तो आकाशातून पडतो, अशी आपली समजूत असते. पुढे कोणी "देवाची इच्छा" असेही म्हणून जाते. दारू पिऊन कोणी भरधाव गाडी हाकावी आणि सायकलवरून दूध घालणाऱ्या माणसाचा जीव जावा, ही देवाची इच्छा होती असे म्हणणे म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणे होय.

जुन्या करारात या बाबतीत फार सूक्ष्म विचार आहे. निर्गमाच्या पुस्तकात (२१:२८-२९) मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने अचानक शिंग मारून माणूस मेला, तर मालक निर्दोष. पण बैल आधीपासून मारका आहे, मालकाला तशी सूचना दिलेली आहे आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर दोष मालकाचा. अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा घालण्यास सांगितले आहे. कठड्याविना कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. तेथे कोणी कोणाला ढकललेले नाही. दोष काळजी न घेतल्याचा आहे. बैलाच्या जागी आज मोटारसायकल आणि कठड्याच्या जागी ब्रेक, दिवे व हेल्मेट ठेवून हे उतारे पुन्हा वाचावेत.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हाच प्रश्न घेतला : मनात नसताना हातून माणूस मेला तर तो मनुष्यवधाचा दोषी ठरतो का? त्यांचे उत्तर असे, की काम योग्य असेल आणि आवश्यक ती काळजी घेतली असेल तर नाही. परंतु काळजी घेतली नसेल तर तो दोषातून सुटत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये हाच धागा पुढे नेला आहे. तेथे परिच्छेद १७३६ मध्ये वाहतुकीचे नियम माहीत नसल्यामुळे झालेल्या अपघाताचे उदाहरण देऊन सांगितले आहे, की जे माहीत करून घ्यायला हवे होते त्याविषयीच्या निष्काळजीपणातून घडलेली कृती अप्रत्यक्षपणे स्वेच्छेचीच असते. परिच्छेद २२९० मध्ये दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यांवर गंभीर दोष येतो असे म्हटले आहे. त्याही आधी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात वेगमर्यादा क्षुल्लक मानणाऱ्यांचा उल्लेख केला होता. जगभरच्या बिशपांच्या परिषदेला या विषयासाठी वेळ काढावासा वाटला, हे आपण ध्यानात ठेवावे.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे. सारी काळजी घेऊनही अपघात घडतो, अचानक कोणी समोर येते, टायर फुटतो. अशा प्रसंगी चालकावर पाप नाही, आणि आयुष्यभर स्वतःला खुनी समजून झुरणाऱ्या माणसाला हे आपण प्रेमाने सांगायला हवे. मात्र याची दुसरी बाजूही आहे. मोबाइलवर बोलत, उलट दिशेने, दिवा तोडून आपण गेलो आणि कोणाला काही झाले नाही, म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. कोणी मेले नाही ही देवाची कृपा. कृती मात्र तीच होती, जिच्यामुळे दुसऱ्या एखाद्या दिवशी माणूस मेला असता.

सुज्ञता : चालकाचा पहिला सद्गुण

सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम हे चार प्रमुख सद्गुण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असतात. संत थॉमस यांनी सुज्ञतेचे निरनिराळे भाग सांगितले. त्यांपैकी तीन तर वाहनचालकासाठीच सांगितले असावेत असे वाटते.

पहिला भाग दूरदृष्टी. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला, तर त्याच्या मागून मूल धावत येणार हे ज्याला आधी दिसते तो दूरदृष्टीचा चालक. उभ्या रिक्षातून उतरणारा प्रवासी रस्त्याच्या बाजूलाच उतरेल, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. दुसरा भाग भोवतालचे भान. पाऊस आहे, चिखल आहे, शाळा सुटण्याची वेळ आहे, आरशात मागचा दिसतो आहे, या सगळ्याचे भान ठेवून वेग ठरवणे. तिसरा भाग सावधपणा. चांगल्या गोष्टीतही धोका मिसळलेला असतो हे ओळखून राहणे. रस्ता मोकळा आहे ही चांगली गोष्ट, पण मोकळ्या रस्त्यावरच वेग हाताबाहेर जातो.

थोडा हिशेबही करू या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. मोबाइलवरचा निरोप पाहायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर तेवढ्यात वाहन ३३ मीटर पुढे गेलेले असते, तेही डोळे मिटल्यासारखे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. आणि मिळवतो काय? सहा किलोमीटरच्या वाटेवर ताशी ४० ऐवजी ६० ने गेल्यास नऊ मिनिटांऐवजी सहा मिनिटे लागतात. वाचली तीन मिनिटे, तीही सिग्नल किंवा रेल्वे फाटक आडवे आले नाही तर. या तीन मिनिटांच्या तागडीत आपण दुसऱ्याचा जीव घालतो.

राग आणि शिवी

निष्काळजीपणाचा सख्खा भाऊ म्हणजे उद्धटपणा. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (९:२०) येहूची गोष्ट आहे. इज्रेलच्या बुरुजावरील पहारेकऱ्याने दूरवरून येणारा रथ पाहिला. चेहरा दिसण्याआधीच त्याने ओळखले की हा येहू असावा, कारण वेड्यासारखा रथ हाकतो तो तोच! माणूस हाकण्यावरून ओळखू येतो, हे पहारेकऱ्याचे शहाणपण आजही खरे आहे. आपल्या गाडीच्या काचेवर क्रूस आहे, आरशाला जपमाळ आहे, समोर वेलंकणी मातेची मूर्ती आहे. मागच्याला ते सारे दिसते, आणि आपले हाकणेही दिसते. दोन्हींचा मेळ बसतो का?

घरात, बाजारात, समूहाच्या बैठकीत सौम्यपणे बोलणारा माणूस स्टिअरिंगमागे बसला की वेगळाच होतो. याचे कारण विचार करण्याजोगे आहे. काचेआडून समोरचा माणूस दिसत नाही. दिसते ती गाडी, दिसतो तो अडथळा. माणसाचा चेहरा पुसला गेला की तो वस्तू होतो, आणि वस्तूवर राग काढायला मन कचरत नाही. तोच चालक काच खाली करतो आणि "अरे, तू आमच्या वाडीतला ना?" असे कळते, तेव्हा दोघेही ओशाळतात. म्हणजे राग ओळख नसल्याचा होता. ख्रिस्ती माणसाला मात्र अनोळखी शेजाऱ्यावर प्रेम करायची आज्ञा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात (५:२१-२२) प्रभू येशू पाचव्या आज्ञेचा अर्थ सांगताना थेट राग आणि शिवी यांपर्यंत येतात. रस्त्यावर आपण तोंडातून जे काढतो ते त्या वचनासमोर धरून पाहावे. बायको-मुले शेजारी बसलेली असताना दिलेली शिवी मुलांना धर्मशिक्षणापेक्षा अधिक पक्की पाठ होते.

आईवडिलांना चार शब्द

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मरण पावले. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता असे पोलिसांनी सांगितले. त्याला आरंभी जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली, तेव्हा देशभर संताप उसळला. त्या प्रकरणातला दोष न्यायालय ठरवील. आपण संताप व्यक्त केला, तोही योग्यच. परंतु आपल्या अंगणातल्या स्कूटरची किल्ली कोणाच्या खिशात आहे?

मुलगा दहावी झाला म्हणून बक्षीस, क्लासला जायला सोय, दुकानातून पाव आणायला पाठवणे, अशी कारणे आपल्याकडे तयार असतात. काही घरी तर चौदा वर्षांचा मुलगा गाडी चालवतो याचे कौतुक होते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यातील कलम १९९अ असे सांगते, की अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. कायदा येथे निर्गमातील बैलाच्या मालकाचीच गोष्ट सांगतो आहे. दंड भरता येईल. पण सोळाव्या वर्षी आपल्या हातून माणूस मेला, ही आठवण घेऊन ते मूल साठ वर्षे कसे जगेल, याचा विचार किल्ली देण्याआधी करावा. मुलाला 'नाही' म्हणणे हेही प्रेमच आहे.

तसेच हेल्मेटचे. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे, मागे बसणाऱ्यालाही. चांगले हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी करते. अनेक घरी बाबांच्या डोक्यावर हेल्मेट असते. आई आणि मूल उघड्या डोक्याने मागे. घरात जीव कोणाचा स्वस्त आहे?

लग्नघरची वाट

एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या लग्नांत, साखरपुड्यांत, सणांत पेला पुढे केला जातो. ही आपली जुनी रीत. तिच्यावर येथे प्रवचन नाही. पण रात्री अकराला त्याच पाहुण्याच्या हाती गाडीची किल्ली देऊन "सावकाश जा हं" म्हणणे हा आदरातिथ्याचा भाग नव्हे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य एवढीच आहे. ती फार लवकर ओलांडली जाते, आणि "मला काही होत नाही" हे वाक्य पहिल्या पेल्यानंतरच सुचू लागते. यजमानांनी पाहुण्यांसाठी जेवणाची काळजी घ्यावी तशी परतण्याचीही घ्यावी : रिक्षा ठरवून ठेवावी, न पिणाऱ्या दोन तरुणांना चालक म्हणून नेमावे, गरज पडल्यास किल्ली मागून घ्यावी. पाहुणा दोन दिवस रुसेल. रुसायला तो जिवंत राहील.

यरीहोच्या रस्त्यावर आज

प्रभू येशूने शेजारी कोण हे शिकवण्यासाठी जी गोष्ट सांगितली ती रस्त्यावरची आहे (लूक १०:२५-३७). यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेला माणूस, बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी, आणि थांबणारा शोमरोनी. आज आपण न थांबण्याचे एक कारण सांगतो : पोलिसांचे झंझट. हे कारण आता उरलेले नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घालून ते संरक्षण कायद्यात आणले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. अपघातानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. त्या तासात मोबाइलवर चित्रण करणारे पुष्कळ असतात; १०८ क्रमांक फिरवणारा एक हवा असतो. तो आपण व्हावे. आणि वाटेत रुग्णवाहिका दिसली, तर बाजूला होऊन तिला जाऊ द्यावे, तिच्या मागे लागून आपली वाट काढू नये.

व्हॅटिकनच्या दहा सूचना

१९ जून २००७ रोजी, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, स्थलांतरित व प्रवासी यांच्या पाळकीय सेवेसाठी असलेल्या व्हॅटिकनच्या परिषदेने रस्त्यावरील पाळकीय सेवेविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. (ही परिषद २०१७ साली नव्या विभागात विलीन झाली.) तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिलेल्या आहेत. त्यांचा आशय आपल्या शब्दांत असा :

१. कोणाचा जीव घेऊ नये.
२. रस्ता माणसे जोडण्यासाठी आहे, मारण्यासाठी नाही.
३. अचानक काही घडल्यास सौजन्य, सरळपणा आणि सुज्ञता यांनी वागावे.
४. गरजूला, विशेषतः अपघातग्रस्ताला, मदत करावी.
५. गाडी ही सत्ता गाजवण्याचे वा पापाचे साधन होऊ नये.
६. चालवण्याच्या स्थितीत नसलेल्याला, तरुण असो वा वडीलधारा, प्रेमाने थांबवावे.
७. अपघातात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांना आधार द्यावा.
८. दोषी चालक आणि पीडित यांची योग्य वेळी भेट घडवून क्षमेचा अनुभव घेऊ द्यावा.
९. रस्त्यावरील दुबळ्याचे रक्षण करावे.
१०. इतरांबद्दलची जबाबदारी ओळखावी.

सातवी आणि आठवी सूचना पुन्हा वाचावी. अपघाताची बातमी आठ दिवसांची असते. त्या घरचे दुःख आणि कर्ज अनेक वर्षांचे असते. आपल्या समूहात असे घर असेल तर तेथे वर्षश्राद्धाच्या मिस्सापुरते न जाता, अधूनमधून जावे. आणि ज्याच्या हातून अपघात घडला त्याचेही दार ठोठवावे. तोही आपलाच भाऊ आहे. मात्र क्षमा म्हणजे भरपाई बुडवणे नव्हे. ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करणे हा न्याय आहे. पापनिवेदनाने ते कर्ज फिटत नाही.

एका शहराने केले ते

कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. १९९५ साली तेथे अंतानास मोकुस नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक महापौर झाले. वाहतूक बेफाम होती. त्यांनी मूकनाट्य करणारे कलावंत चौकाचौकांत उभे केले. झेब्रा पट्ट्यांवर गाडी घालणाऱ्याची ते शब्द न बोलता नक्कल करीत, आणि लोक हसत. त्यांनी नागरिकांना अंगठा वर आणि अंगठा खाली अशी चित्रे असलेली कार्डे वाटली. चांगल्या चालकाला एक दाखवायचे, वाईटाला दुसरे. पादचारी जेथे मरण पावले तेथे रस्त्यावर तारे रंगवले. रात्री एकनंतर दारूची दुकाने बंद केली. पुढील वर्षांत त्या शहरातील अपघाती मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. दंडाचे भय कमी पडते तेथे लोकलाज कामी येते, आणि लोकलाजेतून हळूहळू सवय लागते, हे त्या प्राध्यापकाने दाखवून दिले.

शहराचा कारभार आपल्या हाती नाही. पण धर्मग्राम आपल्या हाती आहे. चर्चच्या फाटकापासून आरंभ करता येईल. मिस्साला येताना शेजाऱ्यांची फाटके आणि रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवू या. जवळ राहणाऱ्यांनी चालत यावे. मिस्सानंतर आधी वृद्धांना आणि लहान मुलांना बाहेर पडू द्यावे, मग गाड्या सुरू कराव्यात. नवी गाडी आशीर्वादासाठी आणणाऱ्यांनी हेल्मेट व परवाना सोबत आणावा. आशीर्वादाच्या वेळी आपण गाडी चालवणाऱ्यासाठी आणि वाटेत भेटणाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, लोखंडासाठी नव्हे. प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांचे चित्र गाडीत असणे चांगले, पण त्यांनी प्रवाशाला खांद्यावर घेऊन नदीपार नेले अशी आख्यायिका आहे, चिरडून नव्हे.

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणात घालवतो. त्याच महिन्याचा तिसरा रविवार संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली रस्ते अपघातांत बळी पडलेल्यांचा जागतिक स्मृतिदिन म्हणून मान्य केला. त्या रविवारी आपण मिस्सामध्ये आपल्या धर्मग्रामातील अशा मृतांसाठी प्रार्थना करू. ज्यांच्या घरी असे दुःख आले असेल त्यांनी नावे चर्चच्या कार्यालयात द्यावीत.

आत्मपरीक्षणासाठी आणि समूहातील चर्चेसाठी

१. गेल्या आठवड्यात कोणता नियम आपण 'कोणी पाहत नाही' म्हणून मोडला?
२. वाहन चालवताना मोबाइल कोठे असतो?
३. आपल्या घरातील अल्पवयीन मूल गाडी चालवते का? किल्ली कोणी दिली?
४. रस्त्यावर कोणाला शिवी दिली? तो आपला भाऊ असता तर दिली असती का?
५. पायी चालणारा, सायकलवाला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई यांना आपण वाट देतो की हॉर्न देतो?
६. दारू प्यायलेल्या मित्राला गाडी चालवण्यापासून आपण शेवटचे कधी थांबवले?
७. अपघातात माणूस गमावलेल्या कोणत्या घरी आपण या महिन्यात जाणार आहोत?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू गालीलच्या वाटांवरून पायी चाललास आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकासाठी थांबलास. आमच्या हातांना आवर, डोळ्यांना भान आणि मनाला धीर दे. जो आमच्या पुढे आहे, मागे आहे, रस्ता ओलांडतो आहे, त्याच्याही घरी कोणी वाट पाहत आहे, याची आम्हांला आठवण राहू दे. रस्त्यावर प्राण गमावलेल्यांना सार्वकालिक विश्रांती दे, त्यांच्या घरच्यांचे सांत्वन कर, आणि ज्यांच्या हातून जीव गेला त्यांना पश्चात्ताप व शांती दे. आमेन.